पांढऱ्या पेशी वाढल्या तेव्हा

परवा रक्त तपासायला गेलो. हातावर स्पिरिटचा गार बोळा फिरला आणि त्या वासासरशी भंडाऱ्याच्या दवाखान्यातली एक दुपार आठवली.

माझी धाकटी बहीण सुजाता तेव्हा नववीत होती. तिचा ताप उतरत नव्हता, हिरड्यांतून रक्त यायचं. मी आणि आई तिला पवनीहून एसटीने घेऊन आलो होतो. तिला बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. म्हणाले, "रक्तात पांढऱ्या पेशी फार वाढल्यात."

आईचा चेहरा उजळला. या पेशी रोगाशी लढतात, हे तिला मीच सांगितलं होतं.

"वाढल्या तं चांगलंच हाय ना, साहेब?"

डॉक्टर म्हणाले, "या कच्च्या पेशी आहेत, बाई. नुसत्या वाढतात, लढत नाहीत. चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. उद्याच नागपूरला न्या."

"काय म्हणून राहिले गा ते?" आईने मला विचारलं.

मला कळलं होतं, पण "नागपूरले जा लागते," एवढंच म्हणालो.

बाहेर सुजाताने विचारलं, "काय निघालं?"

"तुई ताकद वाढली म्हणते," आई म्हणाली. सुजाता हसली.

त्या वर्षीचं धान घरी यायच्या आधीच ती गेली.

आईला काहीच समजलं नव्हतं, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. पण मग परतीच्या एसटीत एवढ्या मोठ्या पोरीला ती पवनीपर्यंत मांडीवर घेऊन कशाला बसली असती?