आक्कांच्या फ्लॉप्या

आक्कांनी विणकामाचे वर्ग बंद केले, पण कोपऱ्यातला जुना घरगुती कॉम्प्युटर काही बंद केला नाही. तो टीव्हीला जोडायचा, शेजारी विटेसारखा जाडजूड फ्लॉपी ड्राइव्ह. हयातभर रचलेले स्वेटरचे नमुने त्यात सरकवायच्या चपट्या फ्लॉप्यांवर होते. कागदावर एकही नाही.

घराला रंग द्यायचा म्हणून धाकट्या भावाने फर्मावलं, हवं ते माझ्या कॉम्प्युटरवर घे आणि ते डबडं भंगारात दे. तयार स्वेटर ढिगाने मिळतात, अशी पुस्ती भावजयीने जोडली. आक्का म्हणाल्या, जेवणही तयार मिळतं, तरी मिठाची चव तू स्वतःच बघतेस ना.

भावाने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने फ्लॉपी भावाच्या यंत्रात सरकवली, तर पडद्यावर प्रश्न उमटला: फ्लॉपी कोरी आहे, वापरासाठी तयार करू?

"कोरीच की," म्हणत भावाने बटणाकडे हात नेला. आक्कांनी त्याचं मनगट धरलं.

"तुझ्या यंत्राला वाचता येत नाही, म्हणून माझं लिहिलेलं कोरं होत नाही."

दुरुस्तीवाला हसला. फ्लॉप्या दिसायला जुळ्या, पण प्रत्येक यंत्राची लिहिण्याची तऱ्हा वेगळी, हे त्याने भावाला समजावलं. आता आक्कांच्याच यंत्राने वाचायचं आणि वायरीतून दुसऱ्याला सांगायचं, एवढाच मार्ग. त्याने जुना ड्राइव्ह उघडला आणि चुकचुकला. फ्लॉपीवर लिहिणारं-वाचणारं हेड जरा सरकलं होतं. आधी ते सरळ करतो म्हणत त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"हात लावू नकोस," आक्का म्हणाल्या. मैत्रिणीकडे अगदी हेच यंत्र होतं, पण आक्कांची फ्लॉपी तिथे कधीच चालली नव्हती. घरी मात्र एकदाही अडली नाही. "वाकड्यानं लिहिलंय, ते वाकडंच वाचेल. सरळ केलंस तर वाचणार कोण?"

भाऊ वैतागला. माहितगाराचंही ऐकायचं नाही, हा कसला हट्ट?

"हट्टच आहे. नमुने माझे, मग हट्ट काय शेजारणीचा असेल?"

दुरुस्तीवाल्याने क्षणभर विचार केला आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आक्कांचं खरं आहे, म्हणाला. सरळ केलं असतं तर पंचाईत झाली असती.

मग ड्राइव्ह घरघरत, कुरकुरत वाचू लागला. पलीकडे इंग्रजीतली मोठी अक्षरं लहान आणि लहान मोठी होऊन उतरली. ती दुरुस्तीवाल्याने पालटून दिली. एक फ्लॉपी अडून बसली, तेव्हा आक्कांनी ती काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तो कंटाळला, आक्का नाहीत. अखेर तीही बोलली. गळ्याचे, बाह्यांचे, बाळांच्या टोप्यांचे सगळे नमुने भावाच्या पडद्यावर टाका न् टाका उभे राहिले.

भावाने विचारलं, "झालं समाधान? आता बोलावू भंगारवाल्याला?"

"नमुने आले तुझ्याकडे," आक्का म्हणाल्या, "मी नाही आले." त्यांनी खुर्ची जुन्या यंत्रापुढे ओढली, खरोखरच कोरी असलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सारली आणि एका नव्या बाहीची पहिली ओळ मांडायला घेतली. रंगारी आला की टेबल पुढे ओढून द्या, एवढं मात्र त्यांनी मान न वळवता सांगितलं.