मुकं भोक

माझा थोरला भाऊ चाळण्या करतो. चाळण्या विकणारे पन्नास सापडतील, पण पत्र्यावर एकेक भोक हातानं पाडून चाळणी करणारा आमच्या बाजारात आता तो एकटाच. याचा त्याला भारी अभिमान आहे, आणि अशा माणसाबरोबर एका घरात राहणं सोपं नसतं. माझे यजमान ट्रकवर असतात, पंधरवड्यातून दोन दिवस घरी. बाकीचे दिवस मी, माझी मुलगी टिकली आणि दादा. खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची.

काम बघायला साधं वाटतं. शिशाच्या लादीवर पत्रा ठेवायचा, पोगर म्हणजे पोलादाची टोकदार खुंटी त्यावर उभी धरायची आणि हातोडीचा एक ठोका घालायचा. ठोका हलका पडला तर नुसता खळगा होतो, आरपार जात नाही. त्याला दादा ‘मुकं भोक’ म्हणतो. पत्रा पुरा झाला की खिडकीसमोर धरून बघायचं. जिथून उजेड येत नाही ते मुकं, त्यावर पुन्हा ठोका. वडिलांनी त्याला असंच शिकवलं, आणि मुकं राहिलं तर कान पिळून शिकवलं.

टिकली पाच वर्षांची. ठकठक ऐकतच लहानाची मोठी झालेली. एकदा दिवेलागणीला मी गच्चीवरचे कपडे काढत होते आणि ती मान वर करून उभी होती. ही बया गप्प म्हणजे काहीतरी सांडलं असणार, म्हणून मी वळून पाहिलं.

“आई, ही भोकं मामानं पाडली?” तिनं आकाशाकडे बोट केलं.

“नाही गं. ते तारे आहेत.”

“मला वाटलंच,” ती म्हणाली. “रांगा चुकल्यात.”

जेवताना मी हे दादाला सांगितलं. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, “माझं काम असतं तर रांगेत असतं,” आणि भात कालवू लागला.

त्या दिवसापासून पोरीनं माझं डोकं खाल्लं. पत्र्यामागे दिवा कुणी लावलाय? दिवसा विझवतात का? मी पीठ चाळायला बसले की ही ताटावर ओणवी होऊन, मान वळवून, खालून चाळणीत बघायची. भुवया पांढऱ्या व्हायच्या. “आकाशातून काय चाळतात?” तिनं विचारलं. “तुझे प्रश्न,” मी म्हटलं, “आणि सगळे माझ्याच ताटात पडतात.” पण खरं सांगायचं तर मीही तेव्हापासून वर बघायला लागले. त्याआधी गच्चीवर माझी नजर चिमट्यांपलीकडे जात नव्हती.

दादानं मात्र तिला कामाला लावलं. पत्रा खिडकीशी धरायचा आणि विचारायचं, “बघ गं टिकले, मुकं कुठं आहे?” ती नाक लावून बघायची आणि बोट ठेवायची. मला कौतुक वाटायचं. भाचीचे लाड चाललेत, चालू देत.

मग एक दिवस बेकरीवाला चाळणी परत घेऊन आला. एका जागी दोन भोकं एकमेकांत घुसली होती, पिठाबरोबर कोंडाही खाली पडत होता. दादा त्याच्यावरच डाफरला, पत्राच हलका आला म्हणाला आणि चाळणी त्याच्याच हातात कोंबली. तीस वर्षांत दादाची चाळणी परत आली नव्हती.

संध्याकाळी टिकलीनं त्याला हाताला धरून गच्चीवर नेलं. “मामा, पाण्याच्या टाकीवरचे तारे मोज ना,” ती म्हणाली. दादानं बोट वर केलं आणि मोजू लागला. “एक, दोन, तीन. हा चौथा, जरा वाकडा आहे. हा पाचवा.”

टिकली हसून हसून खाली बसली. मामा गंमत करतोय असं तिला वाटलं. कारण आभाळ पार भरून आलं होतं, एकही तारा नव्हता. दादाही तिच्याबरोबर हसला. माझ्या हातातली चादर तशीच राहिली.

तिला झोपवून मी त्याला गाठलं. “किती दिवस झाले?”

“कशाला?”

“दादा, माझ्याशी नाटकं नकोत.”

वर्ष झालं होतं. आधी धूर दिसायचा, मग सगळंच धुकट. चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोतीबिंदू आहे, अर्ध्या तासाचं काम. पण डोळ्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही, असं हा ठरवून बसलेला. “माझा नेम बिघडला तर? आत्ता थोडं तरी दिसतंय. उलटं झालं तर मी काय करू, सांग.” आयुष्यभर रोज हजार वेळा पत्र्यावर टोक टेकवणारा माणूस, त्याला टोकाचीच भीती. मला राग आला आणि कीवही.

“आणि चाळण्या कोण तपासणार?”

“टिकली आहे ना.”

“ती पुढच्या महिन्यात शाळेत जाणार.”

“मग दुकान बंद करीन,” तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

पुढचे चार दिवस आम्ही बोललो नाही. पाचव्या दिवशी दुपारी जेवून मी लवंडले होते, दादाही घोरत होता. खालून ठोके ऐकू आले, अगदी हलके. उतरून बघते तर टिकली शिशाच्या लादीपुढे मांडी घालून बसलेली. कोरा पत्रा आणि सगळ्यात बारीक पोगर. चांगला पत्रा नासला म्हणून मी हात उगारला, तेवढ्यात दादा मागून आला.

“मामा, तुझ्यासाठी,” तिनं पत्रा दोन्ही हातांनी खिडकीशी धरला. “टाकीवरचं आकाश. त्या दिवशी ढग होते ना, तुला बघायला नाही मिळालं. सगळे तारे आहेत. मोज.”

दादा जवळ गेला. आणखी जवळ गेला. मग त्यानं पत्र्यावरून अंगठा फिरवला. “पोरी, मुकी आहेत गं सगळी. हात हलका पडला तुझा.”

“नाहीत,” ती म्हणाली. तिचा चेहरा पडला. “उजेड येतोय की. मी परत परत ठोकलं. तुला दिसत नाहीत?”

मला तर तिथूनही दिसत होती. अकरा बारीक ठिपके, लख्ख उजेडाचे. दादानं पत्र्यावरचा अंगठा काढला. त्याला थाप मारता आली असती, माझ्यादेखत मारली असती तरी मी काही बोलले नसते.

“नाही गं,” तो म्हणाला. “मला दिसत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःहून स्वच्छ शर्ट घातला आणि मला म्हणाला, चल. दवाखान्याच्या बाकावर त्यानं माझा हात असा आवळला होता की बांगडी रुतली. उजव्या डोळ्याचं काम खरंच अर्ध्या तासात झालं. पट्टी निघाल्यावर घरी आला तो थेट दुकानात शिरला, तयार चाळण्या एकेक खिडकीशी धरून पाहिल्या आणि सात बाजूला काढल्या. बेकरीवाल्याकडेही स्वतः गेला. काय बोलला मला माहीत नाही, पण येताना तीच चाळणी घेऊन आला.

दिवेलागणीला आम्ही गच्चीवर गेलो. आभाळ मोकळं होतं. टिकलीचा पत्रा त्यानं काखेत धरला होता. “मोज,” ती म्हणाली. तो मोजायला लागला, एकदा वर बघायचा, एकदा पत्र्याकडे. घाई केली नाही. अकरा झाले आणि तो थांबला.

“टिकले, टाकीच्या कोपऱ्यावर तो एक बारका आहे. तो तुझ्यात नाही.”

तिनं डोळे बारीक करून पाहिलं. “राहिला,” ती म्हणाली.

दोघं खाली उतरले. मी मागून गेले तेव्हा दादानं तिच्या मुठीत पोगर दिला होता आणि तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली होती. जागा त्यानंच बघून धरली. एकच ठोका पडला. मग पत्रा दिव्यासमोर धरून त्यानं तिला विचारलं नाही, स्वतःच बघितलं.