आतल्या कप्प्यातली किल्ली

विद्या, माझी मैत्रीण, माझी सॅक पलंगावर रिकामी करून बसली होती. आठवडाभर डोंगरात चालायचं तर पाठीवर काय घ्यायचं, हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही. एकेक वस्तू उचलून ती विचारायची, "हे कशाला गं?" दुसरा टॉवेल गेला, जाडजूड पुस्तक गेलं, कंगव्यावरून तर आमचं वाजलंच. मग तिच्या हाती माझ्या घराची किल्ली आली. ती मात्र तिनं काही न विचारता आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन लावली.

मला गंमत वाटली. त्या सगळ्या डोंगरांत या किल्लीनं उघडेल असं एकही कुलूप नाही. परतल्यावर दारही आईच उघडणार. मग हे वजन चालतं कसं? भटकायला निघालेला आणि बेघर झालेला, यांच्यात तेवढाच फरक असतो की काय?

"किल्लीचं नाही विचारलंस, कशाला म्हणून?"

विद्यानं स्वतःच्या सॅकमधून एक गंजकी किल्ली काढली. "ही आमच्या जुन्या घराची. ती बिल्डिंग कधीच पाडली. आता तिथे पार्किंग आहे."

मी ती तळहातावर घेऊन पाहिली. चांगलीच जड होती.