उन्हात राहिलेली नळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

आणीबाणीचे दिवस. शिळफाट्याला एका डॉक्टरांकडे मी रक्त तपासायच्या कामाला होतो. कावीळ किती चढलीय ते रक्तातल्या पिवळ्या रंगावरून कळतं — बिलिरुबिन म्हणतात त्याला. पण नळीला ऊन लागलं की तो रंग विरतो, आकडा खोटाच कमी येतो. म्हणून आम्ही नळीला एक्स-रे फिल्मच्या पाकिटातला काळा कागद गुंडाळायचो. हे मी पहिल्याच दिवशी शिकलो होतो. माहीत नव्हतं म्हणायची सोयच नाही.

आई गेल्यावर मला वहिनीनं वाढवलं. तिलाच कावीळ झाली. शीर सापडेना, मी पुन्हापुन्हा टोचत होतो. ''टोचा भावजी, तुमच्या हातचं भ्या नाय मला,'' म्हणाली.

आणि मी काय केलं? नळी खिडकीत ठेवली अन् समोरच्या टपरीवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत बसलो. कागद राहूनच गेला. परत आलो तर नळीवर भर दुपारचं ऊन. तपासलं तर आकडा आधीच्यापेक्षा पार उतरलेला.

पुन्हा रक्त काढायला हवं होतं. पण डॉक्टरांना काय सांगणार — टपरीवर होतो? लाज वाटली हो. बस्, एवढंच. तोच आकडा लिहून दिला.

आदल्याच दिवशी दादानं तिला गावातल्या बुवाकडे नेलं होतं. चुन्याच्या पाण्यात रोग्याचे हात धुऊन तो कावीळ उतरवायचा. डॉक्टर म्हणाले, उतार आहे, डोळ्यांचा पिवळेपणा मागाहून जाईल. दादा नाचायचाच बाकी! ''बुवानं उतरवली रं! आता मुंबईला कशाला न्यायची?'' ठरवलेली जीप त्यानं परत पाठवली. मी तिथंच उभा होतो.

त्याच आठवड्यात वहिनी बरळायला लागली. मला ओळखेना. मग गेलीच.

मुंबईला नेली असती तर वाचली असती? पूर्वी हे स्वतःला विचारायचो — नसती वाचली, असं उत्तर यावं म्हणून. आता विचारत नाही.

तेराव्यानंतर दादा बुवाच्या अंगणात गेला. ''तुझ्यामुळं गेली ती!'' म्हणत त्याच्या तोंडावर थुंकला. म्हाताऱ्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. पुन्हा कधी त्यानं कुणाची कावीळ उतरवली नाही. दादाला हाताला धरून घरी आणलं — ते मीच.