आतली कड

"मला भ्या वाटतंय बगा, बाई."

गाडीकडं बघून एखाद्या मेकॅनिकनं असं म्हटलेलं तुम्ही कधी ऐकलंय? मी तरी नव्हतं ऐकलं. 'काय होत न्हाई, बिनधास्त चालवा' म्हणणारेच मला आजवर भेटले होते. शिक्रापुरात हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये चाकांचं अलाइनमेंट करणारे मामा मात्र गाडी आत आली की आधी घाबरायचे. डोळे मिटायचे, चाकामागं हात घालून टायरच्या आतल्या कडेवरून सावकाश बोटं फिरवायचे आणि मिटल्या डोळ्यांनीच ते वाक्य म्हणायचे. शेजारचे टपरीवाले त्यांना 'भित्रे मामा' म्हणत. मामांना ते ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

मी राहू गावची. शाळा शिक्रापूरला. आमची चौदा वर्षांची जुनी गाडी मी चालवते आणि राहूच्याच आणखी तिघी शिक्षिका माझ्याबरोबर असतात. मी बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. भीती पहिल्यापासून होती, खोटं कशाला बोलू? हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या आडव्या येतात, भीमेच्या पुलावर कठडा नावालाच आहे आणि शिक्रापूरच्या चौकात तर ट्रकवाले आपण रस्त्यावर नाहीच असं समजून चालतात. या सगळ्यातून चार जणींची नेआण करायची म्हणजे माझ्या तळहातांना रोज घाम.

त्यात एकदा पंक्चरवाल्यानं सांगितलं, पुढचे दोन्ही टायर आतून खाल्लेत. नवे टायर, वर्षसुद्धा झालेलं नाही! अलाइनमेंट तर मी आठच दिवसांपूर्वी एका चकचकीत दुकानात करून घेतलेलं. छापील कागद होता माझ्याकडं. कुणीतरी मामांचं नाव सुचवलं, तशी मी तो कागद नाचवत त्यांच्याकडं गेले.

"मामा, बघा, सगळे आकडे हिरवे आहेत."

"कागद हिरवा हाय, बाई. टायर न्हाई." त्यांनी माझा हात धरून टायरवर ठेवला. "असा फिरवा. आता उलटा."

एका बाजूनं गुळगुळीत लागलं. उलटा हात फिरवला तर खवणीवर घासल्यासारखं.

"म्हंजी चाक सरळ चालत न्हाई, घासत चाललंय. मला भ्या वाटतंय. रोज गाडीत कोन कुठं बसतं?"

मला वाटलं, म्हातारा भोचक दिसतोय. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी चौघींनाही बोलावलं. शाळेच्या आधी आम्ही चार मास्तरणी डबे मांडीवर घेऊन, आपापल्या रोजच्या जागेवर, त्यांच्या रॅम्पवरच्या गाडीत बसलो. मागं आमच्या गायकवाडबाई. त्यांना हसू आवरेना आणि त्या हसल्या की गाडी हलायची.

"हालू नका बाई, आकडं हालत्यात!" मामा ओरडले. मग त्यांनी डिकी उघडली. आत आमच्या ह्यांची विहिरीवरची जळलेली मोटर. शिक्रापूरला वाइंडिंग भरायला द्यायची म्हणून दिवाळीपासून डिकीतच होती.

"ही भरायला द्यायची व्हती, का रोज फिरवून आनायची व्हती?"

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. पण मामा हसले नाहीत. मला ब्रेक दाबायला लावून ते खाली वाकले, पहारीनं काहीतरी रेटलं आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्यातलं रबर फाटलं होतं. गाडी उभी असेपर्यंत चाक शहाण्यासारखं सरळ. वजन आलं, ब्रेक लागला की ते बाहेर तोंड फिरवायचं.

"तुमचा कागद खोटा न्हाई," मामा म्हणाले. "पन तो उभ्या, रिकाम्या गाडीचा हाय. तुमी भरलेली गाडी पळवताय, ब्रेक मारताय."

पुलाच्या उतारावर मी रोज ब्रेक मारत होते. रबर बदललं, खाल्लेले टायर बदलले, अलाइनमेंट पुन्हा केलं, मोटरही एकदाची भरायला गेली. पण पुढचे चार दिवस तो उतार आला की गायकवाडबाई समोरची सीट घट्ट धरायच्या.

तो कागद वाचायलाही त्यांनीच शिकवलं. मी म्हटलं, टो काय, कॅम्बर काय, मला काही कळत नाही. मामा भर रस्त्याच्या कडेला पाय जुळवून उभे राहिले. पावलांची पुढची टोकं आत वळवली. "ह्यो टो आत." बाहेर फेकली. "ह्यो टो बाहीर." मग गुडघे एकमेकांना चिकटवून, तंगड्या फाकून उभे. "आन् ह्यो कॅम्बर." समोरून एसटी चालली होती, सगळी एसटी खिडकीतून बघायला लागली. मी पदरात तोंड लपवलं, पण मामा तसेच उभे. "हसा. पन चप्पल कुठं झिजंल त्ये सांगा आधी."

मी सांगितलं, आतल्या बाजूला.

"झालं की मग! आता तुमास्नी कोन फसवंल?"

त्यांच्या भिण्यानं गिऱ्हाइकं वैतागायची. एका ट्रक ड्रायव्हरची किल्ली त्यांनी सरळ सदऱ्याच्या खिशात टाकली होती. तो बिचारा हातापाया पडतोय, "चाचा, माल पहुँचाना है," आणि मामा त्यांच्या हिंदीत, "चाबी नहीं मिलेगा. पहिले टायर डाल." अर्ध्या तासानं त्यानं टायर टाकला. जाताना शिव्या देऊन गेला. मामा त्याला हात हलवत होते.

एकदा मी चेष्टेत म्हटलं, "मामा, एवढं भिता, तर हा धंदा कशाला केलात?"

"पयलं न्हवतो भीत," ते म्हणाले आणि पाना पुसत राहिले.

मग त्यांनी सांगितलं. फार पूर्वी गावातल्या एका बड्या माणसाची जीप आली होती. मामांच्या बोटाला टायरमधली तार लागली. पण मालक घाईत, भोवती चार माणसं, चहा मागवलेला. एवढ्या मोठ्या माणसाला चारचौघांत कसं सांगायचं, की तुमचा टायर संपलाय? भीड पडली. मामांनी अलाइनमेंट केलं आणि नमस्कार करून गाडी काढून दिली. त्याच दिवशी टायर फुटून जीप पलटी झाली. मालक नव्हता आत. ड्रायव्हर एकटाच होता, तो गेला.

"मला कुनी इचारलं सुदीक न्हाई," मामा म्हणाले. "तवापासनं भ्या वाटलं की मी बोलून टाकतो."

त्यानंतर मी त्यांची चेष्टा केली नाही.

मागच्या वर्षी पुलाजवळच्या खड्ड्यात गाडी दाणकन आदळली. तेव्हापासून स्टेअरिंग डावीकडं ओढायला लागलं. शाळेच्या गडबडीत मी दोन-तीन आठवडे तशीच रेटली. चूक माझीच. शेवटी एका सकाळी शाळेत जाता जाता मामांकडं थांबले. त्यांनी चाकं सरळ केली, कागद काढला, आकडे मला वाचून दाखवायला लावले. मी बरोबर वाचले. मग नेहमीसारखे डोळे मिटून चाकामागं हात घातला. मी ते वाक्य ऐकायच्या तयारीनं उभी.

"चांगला हाय," मामा म्हणाले. "जावा."

मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! गायकवाडबाई म्हणाल्या, "आज मामा भ्याले नाहीत, पेढे वाटा!" आम्ही हसत शाळेत गेलो.

पहिला तास चालू होता. माझा चौथीचा वर्ग. पोरं एकदम दाराकडं बघायला लागली, म्हणून मी वळले. दारात मामा. धापा टाकत होते, पायात एकच चप्पल. हाताला फडकं गुंडाळलेलं आणि ते लाल झालेलं.

"बाई, गाडी कुठं हाय? कुनी हालवली न्हाई न्हवं?"

"पटांगणात आहे. काय झालं मामा? हाताला काय झालं?"

"तुमी गेल्यावर च्या घेतला. कपाला रगत. मला वाटलं कुनाचं? तर माजंच." त्यांनी फडक्यातला हात पुढं केला. "सकाळधरनं दुसऱ्या गाडीला हात लावला न्हाई मी. तुमचाच टायर हाय त्यो. बाई, तार बोटात शिरली आन् मला कळलं न्हाई."

आम्ही पटांगणात धावलो. त्यांनी मला स्टेअरिंग पूर्ण वळवायला लावलं. मग खाली उतरून मी वाकून बघितलं. बाहेरून टायर कसा छान, नक्षी शाबूत. आणि आतल्या कडेला वीतभर रबरच नव्हतं. तारा उघड्या, दोन तुटून बाहेर आलेल्या. चाक सकाळी सरळ झालं होतं, पण त्याआधी खाल्लेलं रबर काही परत येणार नव्हतं.

सकाळी या टायरवर आम्ही चौघी पूल ओलांडून आलो होतो. साडेपाचला पुन्हा त्याच पुलावरून जाणार होतो. मी मातीत बसले, साडीबिडीची शुद्ध नव्हती.

तोवर मुख्याध्यापक, बाकीच्या शिक्षिका, सगळे जमले. मामा सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "चुकी माजी हाय. मी चांगला म्हनलो व्हतो." कुणी विचारलंही नव्हतं. मग हळू आवाजात मला म्हणाले, "शुगर हाय ना. डाक्टर म्हनलावता, बोटं बधीर व्हत्याल. मी म्हनलं, माजी न्हाई व्हायची."

स्टेपनी त्यांनीच चढवली, कुणाला हात लावू दिला नाही. चारही नट आवळल्यावर पुन्हा एकदा, आणि मग पुन्हा एकदा आवळले.

दुसऱ्या दिवसापासून शेड बंद. मी म्हटलं होतं, मामा, यंत्र आहे, नजर आहे, चाकं उचलून बघत जा. त्यांनी मान हलवली होती, पण यंत्र विकून ते लेकीकडं दौंडला राहायला गेले. आता शेडच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मी अलाइनमेंट दुसरीकडं करते. तिथला माणूस कागद हातात देतो आणि म्हणतो, "टेन्शन घेऊ नका, मॅडम." मला तेव्हाच जास्त टेन्शन येतं.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. चाक बदलून झाल्यावर मी मामांना ऑफिसात बसवलं आणि प्रथमोपचाराची पेटी काढली. बोटाची चीर चांगलीच खोल होती. आमच्या पेटीतलं ते लाल औषध भयंकर झोंबतं, पहिलीची पोरं नुसती बाटली बघून पळतात. मी सवयीनं आधी फुंकर घातली, मामांचं मनगट घट्ट धरलं आणि चिरेत औषध ओतलं. बोटावरून ओघळ टेबलावर आला. मामा खिडकीतून गाडीकडं बघत होते.

"लावा की आता, बाई," ते म्हणाले. "कवाचं थांबलाय."