आबाजींनी सोडलेलं मीठ

नवऱ्यानं मला माहेरच्या दारात आणून सोडलं तेव्हा इंग्रज जाऊन स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी बावीस वर्षांची होते. चार वर्षांत मूल झालं नाही, एवढाच माझा गुन्हा. घरात सगळे माझ्याशी इतकं जपून बोलायचे की त्याचाच वैताग यायचा. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, मात्र मला टाळून मळ्यातच बसायचे. स्थळ त्यांनीच आणलं होतं. आमच्या मळ्यातली वांगी ते शेलूबाजारच्या बाजारात विकायचे, तिथली ओळख. वांग्यातली कीड लांबून ओळखणारा माणूस, पण नातजावई बघताना गोड बोलण्याला भुलला.

तिसऱ्या दिवशी ते मंगरूळपीरच्या दर्ग्यावर जाऊन आले आणि माझ्या आईला म्हणाले, "सूनबाई, नात नांदाले जात नाई तोवर माह्या भाजीत मीठ टाकू नोको."

सांगितलं आईला, पण चूल माझ्याकडे होती. रोज भाजी शिजली की आधी त्यांची अळणी वाटी काढायची, मग पातेल्यात मीठ टाकायचं. मला राग यायचा. नवस बोलायचा तर मला विचारायचं तरी! मला परत जायचंच नव्हतं. सासू काय बोलायची, नवरा कशानं मारायचा, हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी अन्नच सोडलं असतं. म्हणून झाकली मूठ झाकलीच ठेवली.

एकदा राहवलं नाही, त्यांच्या वाटीत चिमूटभर मीठ टाकलं. पहिल्याच घासाला त्यांचा हात थांबला. उठले, चूळ भरली.

"काहून केलं असं, माय? तुह्यासाठीच त सोडलं म्या."

त्या दिवशी ते उपाशीच मळ्यात गेले. नंतर मी तसं कधी केलं नाही.

दोन वर्षं हेच चाललं. आबाजी वाळत गेले. वाफ्याला पाणी देताना दोनदा चक्कर येऊन खाली बसले. मी बघत होते आणि तरीही "जाते" म्हणत नव्हते.

मग एका बाजारच्या दिवशी ते दुपारीच परत आले. टोपल्यात अर्धी मेथी तशीच होती. हातपाय न धुता जेवायला बसले. मी भाकर वाढली, त्यांची वाटी ठेवली. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

"मीठ टाक याच्यात."

मला काही समजेना.

"त्यानं दुसरी केली. पोरगंबी झालं," ते म्हणाले. "आता कायच्यासाठी सोडू?"

त्यांनी मीठ मागावं म्हणून दोन वर्षं जीव तुटला होता माझा. मी चिमूट टाकली, कालवून वाटी पुढे केली. त्यांनी सगळी भाजी खाल्ली.

"मीठ बरोबर झालं का, आबाजी?"

"काय माईत," ते म्हणाले.