कोनच्या विहिरीतलं तेल

"सर, हे तेल पृथ्वीच्या पोटातनं वर आलंय," नितीन म्हणाला. सरांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती माझ्या एकाही रिपोर्टने कधी आली नव्हती.

नवीन पनवेलला आमची माती-पाणी तपासायची लॅब आहे. सर लॅबचे मालक, मी केमिस्ट, नितीन जिऑलॉजिस्ट. टेक्निकल हेडची खुर्ची रिकामी होती आणि दावेदार आम्ही दोघंच. नितीन बोलायला लागला की क्लायंटचा चहा गार होतो. मी बोलायला लागले की क्लायंट मोबाइल काढतो. मला त्याचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो.

जवळच्या कोन गावात दामूकाका पाटलांच्या विहिरीवर तेलाचा तवंग आला होता. अख्खं घर त्याच पाण्यावर. नितीन साइटवर जाऊन सांगून आला, की तेल मेलेल्या जिवांपासून बनतं ही जुनी समजूत. इथे खाली सगळा लाव्हाचा काळा दगड, त्यात जीव कुठले? म्हणजे तेल खोलातूनच आलं. काकांनी पेढे वाटले.

माझा नुसता जळफळाट झाला. थिअरी चुकीची होती म्हणून कमी, सरांना आवडली म्हणून जास्त.

मी सॅम्पल मशीनला लावलं. खनिज तेल म्हणजे मुख्यतः समुद्रातलं बारीक शेवाळ आणि जिवाणू. मेल्यावर ते तळाच्या गाळात गाडले जातात आणि कोट्यवधी वर्षं उष्णतेत शिजतात. डायनासोरचा इथे काही संबंध नाही. त्या जिवांच्या काही रेणूंचा सांगाडा तेलात टिकून राहतो, त्याला आम्ही बायोमार्कर म्हणतो. माझ्या ग्राफवर ते लख्ख दिसले.

"म्हणजे तेल जिवांचंच," सर म्हणाले. "मग लाव्हात आलं कसं?"

"सर, यात झिंकही भरपूर आहे. हायड्रॉलिक ऑइल खनिज तेलापासूनच बनतं, आणि मशीनची झीज कमी व्हावी म्हणून त्यात झिंक घालतात. विहिरीजवळ जेसीबी उभा असतो का, विचारा."

उभा असायचा. काकांच्या जावयाचाच. पाइप गळत होता.

नितीनचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी डब्यातली दुधीची भाजीसुद्धा मला गोड लागली.

जेसीबी हलवला, तेलकट माती काढली, विहीर उपसली. पाणी स्वच्छ आल्यावर रिपोर्ट द्यायला आम्ही दोघं गेलो.

"मंग माझे विहिरीन तेल नाय?" काकांनी विचारलं.

"नाही काका. पण पाणी आता प्यायला चांगलं आहे."

"पानी तं पयले पन चांगलाच होता."

ते आत गेले. हातभर लांब, ताजा जिताडा मासा घेऊन आले आणि नितीनच्या हातात ठेवला.

"या सायबानी तरी मना चार दिस शेठ केला."

परतताना नितीन म्हणाला, "मॅडम, अर्धा घ्या ना."

"नको, मला आवडत नाही," मी म्हटलं. जिताडा मला जीव की प्राण आहे.

पुढे टेक्निकल हेड मीच झाले. रिपोर्ट बरोबर आला की खुर्ची मिळते, जिताडा मिळत नाही.